फिजीचा शोध कोणी लावला?



आज १४ मे. आयोजकांनी तारीख विचारली तेव्हा मी हीच मागून घेतली. १४ मे १८७९ या दिवशी कोलकात्याहून निघालेलं ‘लिओनिडास’ नावाचं जहाज पॅसिफिक महासागरातल्या फिजीच्या लेवुका बंदरासमोर येऊन उभं राहिलं. जहाजावर चढले होते ४९८ हिंदी मजूर. उतरले ४६३. मधले पस्तीस कुठे गेले ते सांगायला नको. देवी आणि पटकी दोन्ही जहाजावर होत्या.

ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आजचं हे पुष्प गुंफायचं आहे, ते भूगोल शिकवत. पृथ्वीगोल वर्गात आणत, पॅसिफिकची निळी बाजू आमच्याकडे फिरवत आणि विचारत, “काय दिसतं?” आम्ही म्हणायचो, “पाणी.” ते म्हणत, “पुन्हा बघा.” मग कुणीतरी बोट ठेवायचं, तर त्या बोटाखाली एक अख्खा देश झाकला जायचा. तो देश बहुतेक वेळा फिजी असायचा.

केवढा आहे हा देश? सुमारे ३३० बेटं, त्यांतली शंभरेक वस्तीची. सगळी जमीन एकत्र केली तर अठरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. आपला नाशिक जिल्हा साडेपंधरा हजारांचा, म्हणजे फिजी आपल्या जिल्ह्यापेक्षा थोडाच मोठा. आणि माणसं? २०१७ च्या जनगणनेत नऊ लाखांनाही थोडी कमीच. आपल्या जिल्ह्यात २०११ सालीच एकसष्ट लाख होती. एवढ्याशा देशावर तासभर काय बोलायचं, असं कुणाच्या मनात आलं असेल तर मी त्यांना दोष देत नाही. पण या देशाने आपल्या महाराष्ट्रातल्या दोन फार मोठ्या माणसांना एक प्रश्न घातला होता, आणि दोघांनी त्याची उत्तरं वेगवेगळी दिली. त्या दोघांपर्यंत मला तुम्हाला न्यायचं आहे.

आधी तो शीर्षकातला प्रश्न. फिजीचा शोध कोणी लावला?

पाठ्यपुस्तकी उत्तर आहे आबेल तास्मान, १६४३. हा डच दर्यावर्दी टोंगाकडून येताना फिजीच्या ईशान्येकडच्या प्रवाळ खडकांत सापडला, कसाबसा निसटला आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. मग कॅप्टन कुक, १७७४. दक्षिणेचं एक छोटं बेट त्याने पाहिलं आणि तो पुढे गेला. तिसरा विल्यम ब्लाय. ‘बाउंटी’ जहाजावरचं बंड तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सिनेमात पाहिलं असेल. २८ एप्रिल १७८९ ला खलाशांनी कप्तानालाच अठरा माणसांसह एका उघड्या होडीत उतरवून दिलं. होडी तेवीस फुटांची, माणसं एकोणीस. तीच होडी फिजीच्या दोन मोठ्या बेटांच्या मधून गेली. मागे स्थानिकांच्या दोन होड्या लागल्या होत्या, पोटात अन्न नव्हतं, आणि हा माणूस वल्ही मारणाऱ्यांच्या मध्ये बसून एकेका बेटाची नोंद करत होता! त्याच्या चिकाटीला सलाम केलाच पाहिजे. तिथल्या समुद्राला आजही त्याचंच नाव आहे.

पण ब्लायच्या मागे लागलेल्या त्या होड्यांत कोण होतं? त्यांचे पूर्वज या बेटांवर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी आले होते. होकायंत्र नाही, कागद नाही. तारे, लाटांची दिशा, पक्ष्यांची उड्डाणं एवढ्यावर त्यांनी शेकडो मैलांचा समुद्र ओलांडला. सोबत नक्षीची मातीची भांडी आणली, त्या भांड्यांची खापरं आज उत्खननात सापडतात. तळहाताएवढ्या खापरावर दातेरी साच्याने उमटवलेली टिंबांची रांग. खरे शोधक ते. आपल्या देशाला ते ‘विती’ म्हणत. शेजारच्या टोंगावाल्यांच्या तोंडी ते ‘फिजी’ झालं, कुकने टोंगात ऐकलं, आणि जगाने तेच नाव उचललं. म्हणजे आज देशाच्या पासपोर्टावर जे नाव छापतात, तो शेजाऱ्याचा उच्चार आहे.

इथे जरा वाट सोडून बोलतो, कारण नाशिकमध्ये शोधमोहिमांवर बोलायचं आणि शरणपूर विसरायचं, हे मला जमणार नाही. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. तिथल्या मिशनच्या वसाहतीत, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं शिकत होती. डेव्हिड लिव्हिंग्स्टनने १८६६ च्या आपल्या शेवटच्या मोहिमेत त्यांतली काही मुलं बरोबर घेतली. ‘नासिक बॉइज’ हे त्यांचं नाव इतिहासात राहिलं. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या पोटात मेला, त्याचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, आपल्या नाशिकचा विद्यार्थी. १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनचं दफन झालं तेव्हा तो तिथे हजर होता. शोधक म्हणून नाव कोणाचं लागलं आणि पाय कोणाचे झिजले, हा प्रश्न आपल्या गावाला नवा नाही.

तेच १८७४ साल. १० ऑक्टोबरला फिजीचा प्रमुख सरदार थाकोंबाऊ आणि इतर सरदारांनी आपली बेटं इंग्लंडच्या राणीला दिली. का दिली? चंदनाचे आणि नंतर कापसाचे गोरे व्यापारी बेटांवर घुसले होते, बंदुका आल्या होत्या, आणि अमेरिकेने नुकसानभरपाईचा दावा लावून थाकोंबाऊला कर्जात बुडवलं होतं. शोधमोहिमांनी नुसते नकाशे काढले असंही नाही. १८४० साली अमेरिकेच्या विल्क्सने फिजीची उत्तम मोजणी केली, आणि त्याच मोहिमेत आपली दोन माणसं मारली गेली म्हणून मलोलो बेटावरची गावं जाळून कित्येक फिजियनांना ठार केलं.

राज्य इंग्रजांकडे गेलं आणि काही महिन्यांत गोवर आला. थाकोंबाऊ सिडनीला पाहुणचाराला गेला होता, परतीच्या जहाजावरून आजार आला. स्वागताला गावोगावचे सरदार जमले होते, ते हा आजार घेऊन घरोघरी गेले. चाळीस हजारांच्या आसपास माणसं गेली. लोकसंख्या होती दीड लाखाच्या घरात. आपण प्लेगची आठवण अजून सांगतो. इथे काही महिन्यांत चार माणसांतलं एक गेलं.

आणि आता ऊस.

पहिला खरा गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन. त्याने एक गोष्ट चांगली केली. फिजियनांची जमीन विकता येणार नाही असं ठरवलं, आणि त्यांना मळ्यांवर जुंपायचं नाही असंही. म्हणूनच आजही तिथली ऐंशी टक्क्यांहून अधिक जमीन मूळ रहिवाशांच्या कुळांकडे आहे. पण वसाहतीला पैसा हवा, पैशाला ऊस हवा, उसाला हात हवेत. गॉर्डन त्याआधी त्रिनिदाद आणि मॉरिशसचा गव्हर्नर होता. हात कुठे मिळतात ते त्याला ठाऊक होतं.

१८७९ ते १९१६. सदतीस वर्षं, सत्याऐंशी फेऱ्या, साठ हजारांवर माणसं. आधी सगळी कोलकात्याहून, १९०३ पासून मद्रासहूनही. मुंबईहून फिजीला अशी जहाजं गेली नाहीत. आपल्या कोकणातले लोक मॉरिशसला गेले, म्हणून तिथे आज गणेश चतुर्थीची सुट्टी असते. फिजीला गेले ते मुख्यतः अवध-बिहारचे आणि मद्रासकडचे. ॲग्रीमेंट या शब्दाचं त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झालं, आणि ते स्वतः झाले गिरमिटिये.

अशा एका माणसाच्या पासची छायाप्रत मी पाहिली आहे. छापील तक्ता. जहाजाचं नाव, डेपोतला क्रमांक, माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव. मग उंची, फूट आणि इंचांत. मग एक रकाना: शरीरावरची खूण. त्या कागदावर लिहिलं होतं, डाव्या नडगीवर व्रण. खाली डॉक्टरची सही, की माणूस कामाला धडधाकट आहे, आणि अधिकाऱ्याची सही, की हा राजीखुशीने जातो आहे. मी त्या कागदाकडे बराच वेळ पाहत बसलो. माणसाची सगळी ओळख त्यात आहे. फक्त फिजी कुठे आहे हे त्याला सांगितलं होतं का, याला रकाना नाही.

सांगितलं नव्हतंच. मजूर गोळा करणाऱ्या दलालाला ‘आरकाटी’ म्हणत. तो प्रयागच्या घाटावर, मथुरेच्या धर्मशाळेत, स्टेशनबाहेर माणसं हेरायचा. घरातून भांडून निघालेला तरुण, सासरी छळलेली बाई, दुष्काळात गाव सोडलेलं कुटुंब. बारा आणे रोज मिळतील, बेट कोलकात्याच्या अलीकडेपलीकडेच आहे, असं सांगायचा. नाशिककरांनो, तीर्थाच्या घाटावर माणूस किती विश्वासाने वावरतो हे तुम्हाला दुसऱ्या कुणी सांगायला नको. त्या विश्वासावर आरकाटीचं पोट चालत होतं.

बारा आणे म्हणजे एक शिलिंग. बाईला त्याच्या पाऊण. पण केव्हा? नेमून दिलेलं काम, ज्याला ते ‘टास्क’ म्हणत, पुरं झालं तर. टास्क मळ्याचा गोरा ओव्हरसियर ठरवणार, आणि जमिनीत दगड निघाले तरी ते कमी होणार नाही. काम अपुरं राहिलं तर? मजुरी बुडालीच, शिवाय खटला. इथे लक्ष द्या. करार मोडणं हा दिवाणी मामला असतो. गिरमिटात तो फौजदारी गुन्हा होता. आजारी पडून कामावर आला नाही, दंड. उलट बोलला, दंड. दंड भरला नाही, तुरुंग. आणि तुरुंगातले दिवस कराराच्या पाच वर्षांच्या मुदतीत वाढवून घ्यायचे.

राहायला ‘कुली लाइन’. लांब लाकडी चाळ, मधोमध भिंत, दोन्ही अंगांना खोल्या. खोली दहा फूट बाय सात फूट. तीत तीन एकटे पुरुष किंवा एक कुटुंब. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवायच्या असा नियम होता. त्या एका आकड्यातून लाइनीतले खून, आत्महत्या, बायकांची विटंबना, सगळं निघालं. १९१३ साली रेवा भागातल्या मळ्यावर कुंती नावाच्या बाईला मुद्दाम एकटीला केळीच्या वाफ्यात खुरपायला पाठवलं. ओव्हरसियर तिच्या अंगावर आला. तिने त्याला झटकून नदीत उडी घेतली, आणि छोट्या होडीतल्या एका मुलाने तिला वर काढलं. तिची कहाणी हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांत छापून आली आणि इथे संताप उसळला. ज्या जागेला सरकारी अहवाल ‘निवासव्यवस्था’ म्हणत होते, तिला राहणारे एकच शब्द वापरत: नरक.

निफाडकडची मंडळी इथे बसली असतील. उसाचं पीक, कारखान्याचा भोंगा, तोडीला येणारा कोयता, मुकादम, उचल, हे शब्द तुमच्या अंगणातले आहेत. तेव्हा गिरमिट ही फार परकी गोष्ट आहे असं समजू नका.

आता १८९३ साल. त्या साली फिरोजाबादकडचा तोताराम सनाढ्य नावाचा तरुण प्रयागला आरकाटीच्या हाती सापडून फिजीला पोचला. एकवीस वर्षांनी परत आला आणि त्याने तिथले अनुभव पुस्तकरूपाने जगापुढे ठेवले. त्याच साली एक तरुण बॅरिस्टर दक्षिण आफ्रिकेला गेला, त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे. आणि त्याच साली पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी हिंदी लोकांच्या परदेशगमनावर निबंध लिहिला.

रानडे तर आपल्याच गावात राहून गेले. १८७८ साली त्यांची इथे बदली झाली होती. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आठवणींत लिहिलेलं नाशिक त्याच काळातलं. व्याख्यान देणं-ऐकणं ही आपली सवयसुद्धा बऱ्याच अंशी त्यांनीच लावली. पुण्याची वसंत व्याख्यानमाला त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. त्या रानड्यांनी या निबंधात परदेशी मजुरीसाठी जाण्याकडे अनुकूल दृष्टीने पाहिलं. हे ऐकून धक्का बसतो. मला बसला होता. पण ते काय पाहत होते हे ध्यानात घ्या. १८७६ ते ७८ चा दुष्काळ त्यांच्या डोळ्यांदेखत झाला होता. शेतीवर माणसांचा भार वाढत चालला, धंदे बुडाले, पोटाला नाही. अशा माणसाला बाहेर काम मिळत असेल, चार पैसे गाठीला लागत असतील, तर तो मार्ग का बंद करावा? त्यांच्यापुढे वसाहतींचे सरकारी अहवाल होते. त्यांत मजुरीचे दर होते, बचतीच्या रकमा होत्या, परत आलेल्यांनी आणलेला पैसा होता. एक अत्यंत प्रामाणिक, अत्यंत बुद्धिमान, गरिबांची खरी कळकळ असलेला माणूस ते आकडे वाचतो आहे. आणि ते आकडे त्याला खोलीची लांबी-रुंदी सांगत नाहीत.

रानडे १९०१ साली गेले. गोपाळ कृष्ण गोखले स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवीत. आकडे वाचण्याची शिस्त त्यांनी रानड्यांच्या हाताखालीच कमावली होती. १९१० साली त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला मजूर पाठवणं थांबवण्याचा ठराव व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात आणला, तो मान्य झाला. मग ४ मार्च १९१२ ला त्यांनी पुढचं पाऊल टाकलं: नुसतं नाताळ नाही, सगळीकडचीच गिरमिट पद्धत पार बंद करा.

ते भाषण माझ्या मते गोखल्यांच्या उत्तम भाषणांपैकी एक आहे. आवाज चढवलेला नाही. एकेक कलम घेतलं आहे. या माणसांना दूरच्या, अनोळखी देशात नेतात, जिथली भाषा आणि रीत त्यांना ठाऊक नाही. ज्या मालकाशी त्यांना बांधतात तो त्यांनी निवडलेला नसतो. किरकोळ चुकांना फौजदारी शिक्षा. आणि निरक्षर माणसाचा अंगठा घेण्याआधी त्याला या शिक्षा समजावून सांगितलेल्या नसतात. मग याला करार म्हणायचं कशावरून? फसवणुकीवर उभी आणि जबरदस्तीवर टिकलेली ही पद्धत आहे, असं त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितलं. मग आत्महत्यांचा विषय काढला. गावी असताना ज्या थरातले लोक सहसा जीव देत नाहीत, ते फिजीत गेल्यावर गळफास का लावून घेतात? आणि शेवटी स्वाभिमानाचा मुद्दा: साम्राज्यात एवढी माणसं आहेत, मग गिरमिटात फक्त हिंदी माणूसच का?

माहिती कुठून आणली होती? बहुतेक त्याच सरकारी अहवालांतून! रानड्यांनी वाचले त्याच जातीचे कागद. गोखल्यांनी बचतीच्या रकान्याशी न थांबता खटल्यांचा रकाना वाचला, मृत्यूंचा रकाना वाचला. म्हणून मी म्हणतो, तास्मानने फिजी पाहिलं, ब्लायने नोंदवलं, विल्क्सने मोजलं. हिंदुस्थानला फिजीचा शोध लागला तो १९१२ साली, आणि तो लावला रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकमध्ये जन्मलेल्या, फिजीत कधीही पाऊल न टाकलेल्या माणसाने.

यात गुरूचा पराभव आहे का? मला तसं वाटत नाही. रानड्यांनीच शिष्याला शिकवलं होतं की सरकारी कागद बारकाईने वाचावा. शिष्याने तो त्यांच्याहूनही बारकाईने वाचला.

ठरावाचं काय झालं? पडला. बाजूने २२, विरुद्ध ३३. ते बावीस सगळे हिंदी सभासद. ठराव मंजूर होईपर्यंत तो पुन्हा पुन्हा येत राहील, असं गोखल्यांनी त्याच सभेत बजावलं होतं. त्यांच्या हातून मात्र तो पुन्हा यायचा नव्हता. १९ फेब्रुवारी १९१५ ला ते गेले, वय अवघं अठ्ठेचाळीस. मार्च १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांनी तोच विषय पुन्हा मांडला आणि व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंगने तत्त्वतः तो मान्य केला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात शेवटचं गिरमिटाचं जहाज फिजीला लागलं. १ जानेवारी १९२० ला उरलेसुरले सगळे करार रद्द झाले.

पुढचं थोडक्यात सांगतो, ते एका स्वतंत्र व्याख्यानाचं आहे. निम्म्याहून अधिक गिरमिटिये तिथेच राहिले. भोजपुरी-अवधीतून स्वतःची हिंदी घडवली, शाळा काढल्या, रामायणाच्या मंडळ्या चालवल्या, खंडाच्या जमिनीवर ऊस पिकवला. १० ऑक्टोबर १९७० ला देश स्वतंत्र झाला. पण जमीन एकाची आणि ऊस दुसऱ्याचा, ही गॉर्डनने घालून दिलेली गाठ सुटली नाही. १४ मे १९८७ ला, पुन्हा तीच तारीख पाहा, कर्नल सितिवेनी राबुका यांनी सरकार उलथवलं. २००० साली महेंद्र चौधरी या गिरमिटियांच्या वंशजाला पंतप्रधानपदावरून बंदुकीच्या धाकाने हटवलं. हजारो हिंदी कुटुंबं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला निघून गेली. एके काळी लोकसंख्येत निम्मे असलेले हिंदी वंशाचे लोक आता एक-तृतीयांशाच्या आसपास आहेत. आणि तरी एक गोष्ट सांगायची राहते. १८८४ च्या मे महिन्यात ‘सीरिया’ नावाचं गिरमिटाचं जहाज नासिलाईच्या खडकावर फुटलं, तेव्हा बुडणाऱ्यांना काढायला डॉक्टर मॅकग्रेगरबरोबर स्थानिक फिजियन लाटांत उतरले होते. एकोणसाठ गेले, चारशेंवर वाचले. या दोन समाजांची पहिली ओळख हीसुद्धा आहे.

२०२३ पासून फिजीत गिरमिट दिनाची सार्वजनिक सुट्टी असते. त्या वर्षी १४ मे रोजी सुव्यात पंतप्रधान व्यासपीठावर उभे राहिले आणि १९८७ च्या बंडाबद्दल त्यांनी गिरमिटियांच्या वंशजांची जाहीर माफी मागितली. ते पंतप्रधान होते सितिवेनी राबुका.

माझं एक मागणं आहे. रानड्यांचा १८९३ चा निबंध आणि गोखल्यांचं १९१२ चं भाषण, दोन्ही त्यांच्या इंग्रजी लेखसंग्रहांत आहेत. ग्रंथालयात मागा, शेजारी शेजारी ठेवून वाचा. आणि इथे जे शिक्षक बसले आहेत त्यांना विनंती, की या दोहोंचं चांगलं मराठी करून आपल्या मुलांच्या हाती द्या. इंग्रजी वाचू न शकणाऱ्या माणसांसाठीच दोघांनी लेखणी झिजवली होती.